नकलेची परतफेड
सण रस्त्यावर उतरतात : लेखांक ६

१९७१च्या दौऱ्यात सुनील गावसकरांनी वेस्ट इंडीजमध्ये चार कसोटींत ७७४ धावा कुटल्या आणि त्रिनिदादच्या लॉर्ड रिलेटर नावाच्या गायकाने त्यांच्यावर गाणं रचलं, हा किस्सा क्रिकेटवेड्या मराठी घरांत पाठ असतो. आपल्याला हरवणाऱ्याचंच गाणं केलं, काय दिलदार माणसं, असं म्हणून आपण तो संपवतो. दिलदारी होतीच. पण त्या गाण्यात गावसकरांच्या कौतुकाआडून आपल्याच संघाची खेचणंही आहे, आणि कॅलिप्सोचं खरं काम ते. गावात काय घडलं ते गाण्यात सांगायचं आणि सांगता सांगता मोठ्यांच्या टोपीला हात घालायचा. रिलेटरच्या गाण्याचं घराणं शोधत मागे गेलं तर आपण क्रिकेटच्या मैदानातून निघून काठ्या फिरवणाऱ्या माणसांच्या एका रिंगणात पोहोचतो. तिथे मशाली पेटलेल्या असतात, ढोल वाजत असतात, आणि कोपऱ्यावर पोलीस उभे असतात.

मागच्या लेखांकात आपण न्यू ऑर्लिन्सला होतो. तिथला मार्डी ग्रा आणि त्रिनिदादचा कार्निव्हल ही दोन्ही फ्रेंच कॅथलिक घरातली भावंडं. उपासाचा लेंट सुरू होतो तो राखेचा बुधवार, आणि त्याच्या आधीचे सोमवार-मंगळवार कार्निव्हलचे, हे पंचांग दोघांचं एकच. वाढले मात्र वेगळ्या अंगणांत.

त्रिनिदाद बेट खरं तर स्पेनचं. पण स्पेनला तिथे माणसंच मिळत नव्हती. म्हणून १७८३ साली राजाने फर्मान काढलं : कॅथलिक असाल आणि निष्ठेची शपथ घेणार असाल तर या, जमीन फुकट देतो. कुटुंबातल्या दर माणसामागे जमीन, आणि बरोबर आणलेल्या दर गुलामामागे त्याच्या निम्मी आणखी. मार्टिनिक, ग्रेनाडा आणि आजूबाजूच्या बेटांवरून फ्रेंच मळेवाले आले आणि येताना हजारो आफ्रिकी गुलाम घेऊन आले. १७९७मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं. त्यामुळे राज्य इंग्रजांचं, कायदा बराच काळ स्पॅनिश आणि रस्त्यावरची बोली फ्रेंच क्रिओल, असा तिरपागडा कारभार बरीच वर्षं चालला.

या फ्रेंच मळेवाल्यांचा मोसम नाताळपासून लेंटपर्यंत. घरोघरी मुखवट्यांचे नाच, गाड्यांतून एकमेकांकडे जाणं, मेजवान्या. आणि त्यांची आवडती सोंगं कोणती, तर पुरुष शेतमजूर गुलामाचं सोंग घ्यायचे, बायका मिश्रवर्णी दासींचे कपडे घालायच्या. एक प्रसंगही ते करून दाखवायचे. उसाच्या मळ्याला आग लागली की आजूबाजूच्या मळ्यांवरच्या गुलामांना रात्रीबेरात्री उठवून, मशाली हातात देऊन, चाबकाच्या धाकाने तिकडे पिटाळलं जाई. जळता ऊस वाया जाण्याआधी तोडून गाळायचा असे. फ्रेंचमध्ये ‘कान ब्रूले’, जळका ऊस. गुलामाच्या दृष्टीने ही सगळ्यात वाईट रात्र. मालकाच्या दृष्टीने करमणुकीचा प्रवेश.

१ ऑगस्ट १८३४ला इंग्रजी साम्राज्यातली गुलामगिरी कागदावर संपली आणि ‘उमेदवारी’च्या नावाखाली चाललेली सक्तीची मजुरी १ ऑगस्ट १८३८ला. मोकळी झालेली माणसं रस्त्यावर आली आणि त्यांनी जळक्या उसाची मिरवणूक काढली. मशाली, ढोल, साखळ्या, चाबूक, सगळं तसंच. नाव तोंडात बसत बसत ‘कॅनबुले’ झालं. आधी ती १ ऑगस्टला निघे, पुढे कार्निव्हलच्या रविवारी मध्यरात्रीनंतर निघू लागली. धनी आपली नक्कल करत होता. आता त्या नकलेची नक्कल त्याच्याच खिडकीखालून जाऊ लागली. त्रिनिदादच्या कार्निव्हलमध्ये पुढे जे जे आलं, त्याचं मूळ मला या एका उलटफेरीत दिसतं. गोऱ्यांनी हळूहळू आपल्या घरांची दारं लावून घेतली आणि रस्ता मोकळा झाला.

कॅनबुलेच्या पोटात कलिंदा होती. कलिंदा म्हणजे काठीची लढत. रिंगणाला म्हणायचे गायेल, काठीला ब्वा. दोन वस्त्यांचे पहिलवान समोरासमोर, भोवती ढोल, आणि प्रत्येक टोळीचा एक शाँटवेल, म्हणजे ओळ घालणारा गायक. तो समोरच्याची आयमाय काढायचा, आपल्या गड्याला चढवायचा, बाकीचे पालुपद धरायचे. कोणाचं डोकं फुटलं तर रक्त मातीतल्या एका खळग्यात पाडायची रीत होती. सुरुवातीच्या काळात या गाणाऱ्यांत बायकाही पुष्कळ होत्या, पुढे पुरुषांनी ती जागा बळकावली. शाँटवेलचा वारस तो कॅलिप्सो गायक. आणि म्हणून लॉर्ड, माइटी, अटिला असली लढाऊ नावं घेऊन तो मंचावर येई. बाईला तिथे पुन्हा मानाने यायला १९७८ उजाडावं लागलं. त्या वर्षी कॅलिप्सो रोझ जिंकली, आणि ‘कॅलिप्सो किंग’ या किताबाचं नाव बदलून ‘मोनार्क’ करावं लागलं.

पोर्ट ऑफ स्पेनमधल्या कष्टकऱ्यांच्या चाळी म्हणजे ‘बॅरॅक यार्ड’. मधे एक अंगण, एक नळ, भोवती एकेका खोलीत कुटुंब. मळे सोडून शहरात आलेली माणसं इथे राहायची, आणि प्रतिष्ठित लोक त्यांना जामेट म्हणायचे : सभ्यतेच्या रेषेखालचे. १८६०नंतरची तीसेक वर्षं कार्निव्हल यांचा होता. तेव्हाची वर्तमानपत्रं या बायकांच्या कमरेवर, शिव्यांवर, पुरुषांनी बायकी कपडे घालण्यावर रकानेच्या रकाने खर्च करत. आजही कार्निव्हल संपला की तिथल्या पत्रांत कमरेवरून वाद होतो. शब्द थोडे मऊ झाले आहेत, इतकंच.

कॅप्टन आर्थर बेकर हा पोलीसप्रमुख १८८०च्या कार्निव्हलला कॅनबुलेवाल्यांना सामोरा गेला आणि मशाली, काठ्या, ढोल खाली ठेवा म्हणाला. लोक बेसावध होते, त्यांनी ठेवले. त्याला वाटलं, प्रश्न मिटला. पुढच्या वर्षी एरवी एकमेकांची डोकी फोडणाऱ्या टोळ्या एक होऊन त्याची वाट पाहत थांबल्या होत्या. १८८१च्या फेब्रुवारीतल्या त्या रात्री रस्त्यावरचे दिवे फोडले गेले, दगड-बाटल्या उडाल्या, काठ्या आणि पोलिसांचे सोटे भिडले, आणि तीसहून अधिक शिपाई जखमी झाले. दुसऱ्या दिवशी गव्हर्नर सर सॅन्फर्ड फ्रीलिंग स्वतः जमावापुढे आला, तुमचा सण मोडायचा माझा इरादा नाही म्हणाला, आणि पोलिसांना बराकीत ठेवलं. वसाहतीत राणीच्या प्रतिनिधीने हमालांची आणि धोबिणींची अशी समजूत काढणं रोज घडत नव्हतं. कार्निव्हलच्या इतिहासात ही रात्र लढाई म्हणून सांगतात, सरकारी कागद तिला दंगल म्हणतात.

लंडनहून हॅमिल्टन नावाचा अधिकारी चौकशीला आला, अहवाल झाला, आणि मग सरकारने सोट्याऐवजी कायदा उचलला. १८८४च्या शांतता-रक्षण कायद्याने मशाली मिरवणं, रस्त्यावर ढोल वाजवणं आणि काठ्या घेऊन दहा किंवा त्याहून जास्त जणांनी जमणं यांवर बंधनं आली. मध्यरात्रीची कॅनबुले संपली. सण सोमवारी पहाटेच सुरू करायचा, असं ठरलं. आज ज्या ‘जुवे’साठी जगभरातून लोक येतात, चिखल, तेल, रंग आणि कोको अंगाला फासून अंधारात नाचतात, ती पहाट सरकारने आखून दिलेली आहे. तिचा आता अधिकृत प्रारंभ पहाटे चारला होतो.

त्याच १८८४ साली, ऑक्टोबरात, बंदीची दुसरी आणि जास्त रक्ताळलेली बाजू दिसली, आणि ती आपल्या लोकांच्या वाट्याला आली. गुलाम मोकळे झाल्यावर मळ्यांना मजूर हवे होते. ३० मे १८४५ला ‘फतेल रझाक’ हे जहाज पहिले हिंदी गिरमिटिये घेऊन लागलं. १९१७पर्यंत एक लाख चाळीस हजारांहून अधिक माणसं गेली. बहुतेक बिहार आणि आजच्या उत्तर प्रदेशातली, काही मद्रासकडची. त्यांनी मोहरमचे ताबूत तिकडे नेले. होसे म्हणतात त्याला. कागद-बांबूचे उंच ताबूत, पुढे ढोल, ताशे आणि झांजा. मळ्यावरचे हिंदूही मिरवणुकीत असत, आणि आफ्रिकी शेजारीही. कार्निव्हलला लगाम घातल्यावर सरकारची नजर इकडे वळली. मिरवणुका शहरात आणायच्या नाहीत, असा हुकूम निघाला. ३० ऑक्टोबरला सॅन फर्नांडोच्या वेशीवर ताबूत पुढे येत राहिले आणि बंदुका चालल्या. डझनाहून अधिक माणसं मेली, शंभरच्या आसपास जखमी झाली. इतिहासकार केल्विन सिंग यांनी यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं आहे. कार्निव्हलच्या चकचकीत माहितीपत्रकांत मात्र १८८१ असतं आणि १८८४ गळतं, कारण १८८१मध्ये विजय आहे.

ढोलावर बंदी आली आणि लोकांनी बांबू उचलला. टँबू बँबू. जाड बांबूचे वेगवेगळ्या लांबीचे तुकडे. जाडजूड ‘बूम’ जमिनीवर आपटायचा, मधला दुसऱ्या बांबूवर, आणि बारीक ‘कटर’ खांद्यावर धरून त्यावर काडीने वाजवायचं. जोडीला बाटली आणि चमचा. पन्नासेक वर्षं कार्निव्हलची पावलं या ठोक्यावर पडली. १९३०च्या दशकाच्या शेवटी बांबूत पत्रा शिरला : बिस्किटांचे डबे, रंगाचे डबे, कचऱ्याच्या पिंपाची झाकणं, मोटारीच्या ब्रेकचा ड्रम. न्यूटाउन भागातल्या ‘अलेक्झांडर्स रॅगटाइम बँड’चं नाव यात पहिल्यांदा घेतलं जातं.

इथे एक सोपं वाक्य सगळे लिहितात : बंदी आली म्हणून कला जन्मली. मला ते पटत नाही. बंदीने फक्त साहित्य बदललं. ताल कुठून आला? लाव्हेंटिल, बेलमाँट, जॉन जॉन या टेकडीवरच्या वस्त्यांतल्या ओरिशा देवतांच्या अंगणांतून, जिथे आफ्रिकेतून आलेले ठेके पिढ्यान्‌पिढ्या जपले जात होते. त्या पूजांवरही पोलिसांची नजर असे. टाळ्या-घंटांनी प्रार्थना करणाऱ्या ‘शाउटर बॅप्टिस्ट’ पंथावर १९१७ ते १९५१ सरळ कायद्याने बंदी होती. म्हणजे बंदी हा अपवाद नव्हता, ती रोजची हवा होती. त्या हवेत ज्यांनी वाद्य केलं त्यांना तुरुंग, दंड आणि शेजाऱ्यांच्या शिव्या मिळाल्या. त्याचं श्रेय बंदी घालणाऱ्याच्या खात्यावर का जमा करायचं?

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५, कार्निव्हल बंद होता. बेटावर अमेरिकी नाविक तळ आला होता, तेलाचा धंदा तर आधीपासूनचा, त्यामुळे रिकाम्या पिंपांना तोटा नव्हता. अंगणांत पोरं डबे ठोकत बसली होती. कोणाच्या तरी लक्षात आलं की पत्र्याला पोचा आला की आवाजाची उंची बदलते. नेमकं कोणाच्या, यावर आजही तिथे हाणामारीची वेळ येते : जॉन जॉनचा विन्स्टन ‘स्प्री’ सायमन, हेल यार्डचा नेव्हिल ज्यूल्स, ‘इन्व्हेडर्स’चा एली मॅनेट. डब्याचा तळ बाहेर फुगवायच्या ऐवजी आत खोलगट करायचा, आणि त्यासाठी ५५ गॅलनचं तेलाचं पिंप घ्यायचं, या दोन गोष्टी मॅनेटच्या नावावर आहेत. मे १९४५मध्ये युरोपातलं युद्ध संपल्याची बातमी आली तेव्हा लोक नाचत बाहेर पडले, त्यांच्या हातात पत्र्याचे डबे होते.

पिंपाचा पॅन, म्हणजे हे पत्र्याचं वाद्य, होतो कसा? आधी तळ घणाने ठोकत ठोकत वाटीसारखा खाली बसवायचा. मग त्यावर स्वरांच्या जागा आखून कडेने पंचाने चरे पाडायचे, म्हणजे एका जागेची थरथर शेजारी जात नाही. मग बाजूचा पत्रा हवा तेवढा ठेवून कापायचा. वरच्या पट्टीच्या टेनरला थोडकाच पुरतो, खर्जाच्या बासला अख्खं पिंप लागतं. मग जाळावर तापवायचा. आणि शेवटी लहान हातोड्यांनी एकेक स्वर वरून-खालून ठोकत जुळवायचा. हे शेवटचं काम खरं. त्याला कान लागतो आणि चांगला ट्यूनर मिळवण्यासाठी पथकांत ओढाताण चालते. वाजवायच्या काठ्यांच्या टोकाला रबर. टेनरवाला एका पॅनवर भागवतो, बासवाल्याला सहा-नऊ पिंपांमध्ये उभं राहून गरगरावं लागतं. अँथनी विल्यम्सने स्वर कोळ्याच्या जाळ्यासारखे, चौथ्या-पाचव्याच्या नात्याने मांडले, आणि टेनरची मांडणी आजही त्यावरच चालते.

पॅनवाला म्हणजे गुंड, ही समजूत बरीच वर्षं होती आणि ती उगाच नव्हती. १९५०च्या आगेमागे पथकांच्या रस्त्यांवर खऱ्याखुऱ्या लढाया होत, सुऱ्या निघत. सभ्य घरातली मुलगी पॅनयार्डात, म्हणजे पथकाच्या तालमीच्या अंगणात, दिसणं म्हणजे नाक कापलं जाणं. तरीही पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सुशिक्षित घरांतल्या मुलींनी ‘गर्ल पॅट’ नावाचं पथक काढलंच. १९५१मध्ये लेफ्टनंट जोसेफ ग्रिफिथ यांच्या हाताखाली निवडक वादकांचा ताफा ‘टास्पो’ नावाने लंडनच्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनला गेला. गोऱ्यांनी वाहवा केली, आणि घरच्या प्रतिष्ठितांना एकाएकी वाद्य आवडू लागलं. हा प्रकार आपल्याकडे समजावून सांगायला नको. पुढे तेल कंपन्या आणि विमान कंपन्या पथकांच्या यजमान झाल्या, १९६२ला देश स्वतंत्र झाला, १९६३ला ‘पॅनोरमा’ स्पर्धा सुरू झाली आणि पहिला मान विल्यम्सच्याच ‘नॉर्थ स्टार्स’ला गेला. १९९२ला पॅन राष्ट्रीय वाद्य जाहीर झालं. मोठ्या पथकात शंभराच्या वर वादक असतात, आणि त्यातले पुष्कळ जण कागदावर स्वरलिपी न पाहता आठवडेच्या आठवडे रात्री पॅनयार्डात बसून अख्खी रचना कानाने पाठ करतात.

सोंगांना ‘मास’ म्हणतात, आणि मास ‘खेळतात’. जुनी सोंगं पाहिली की नकलेची ती जुनी खोड कुठे कुठे पोहोचली ते कळतं. डेम लोरेन म्हणजे मळेवाल्याची बायको, उशा बांधून फुगवलेली छाती आणि ढुंगण, हातात पंखा. पियेरो ग्रेनेड चिंध्यांचा झगा घालून लांबलचक इंग्रजी शब्दांची स्पेलिंग सांगतो, आणि प्रत्येक अक्षरागणिक एक भंकस गोष्ट. इंग्रजी शाळेची याहून चांगली टर मी वाचलेली नाही. मिडनाइट रॉबर छत्रीएवढी टोपी घालून शिट्टी मारत वाट अडवतो आणि आपल्या जन्माच्या वेळी सूर्य कसा काळवंडला वगैरे भाषण ठोकतो. पैसे दिलेत की गप्प. मोको जंबी हा पश्चिम आफ्रिकेतून आलेला, उंच पायकाठ्यांवरून चालणारा. जॅब मोलासी अंगाला काकवी किंवा काजळी फासतो, शिंगं लावतो, डबा बडवत येतो आणि पैसे न देणाऱ्याला मिठी मारायची धमकी देतो. काकवीच्या कढईत पडून मेलेल्या गुलामाचं ते भूत, असं सांगतात. साखरेच्या बेटावर सैतानाला याहून योग्य रंग कोणता मिळणार? परामिन गावच्या डोंगरात हे सैतान निळे असतात.

आणि हिंदी गिरमिटियांचं काय झालं? ताशा राहिला. नाव तेच, जोडीला ढोल आणि झांज तीच. पुण्या-मुंबईच्या माणसाला तिथला ताशा ऐकून कोणी ओळख करून द्यावी लागणार नाही. आज त्या देशात हिंदी आणि आफ्रिकी वंशाची माणसं जवळपास सारखी, प्रत्येकी एक तृतीयांशाहून थोडी जास्त. राजकारणात त्यांची तोंडं दोन दिशांना असतात. पण लेंगुआ गावात उसाच्या मळ्यांत, हिंदी शेजाऱ्यांत वाढलेल्या गारफिल्ड ब्लॅकमनने, म्हणजे लॉर्ड शॉर्टीने, सत्तरच्या दशकात कॅलिप्सो थकलाय असं ठरवून त्यात ढोलक आणि धंताल घातले. ‘इंद्राणी’ १९७३चं. त्यातून सोका आला, आणि आज कार्निव्हलच्या रस्त्यावर वाजतो तो बहुतांशी सोका. १९८७ला द्रुपती रामगूनाई या बाईने लग्नघरातल्या चटकदार गाण्यांना सोका जोडून ‘चटणी सोका’ म्हटलं. हिंदू संघटनांतले काही जण भडकले : आपली बाई, आणि कार्निव्हलच्या मंचावर? जामेट बायकांबद्दल तेव्हाचे प्रतिष्ठित लोक असंच काहीसं विचारत होते.

आजचा मंगळवारचा कार्निव्हल मला अर्धाच आवडतो. मोठ्या बँडांचा पोशाख आता मणी, पिसं आणि बिकिनी. त्यातला बराचसा माल परदेशातून बनून येतो, आणि पैसे भरून दोराच्या आत नाचायचं, बाहेर खासगी रक्षक. ज्यांच्या पणज्या त्या रस्त्यासाठी पोलिसांशी भिडल्या, त्यांच्यातल्या अनेकांना आता दोराच्या बाहेरून बघावं लागतं. पीटर मिन्शल हा यातला मोठा अपवाद. १९८३च्या ‘रिव्हर’मध्ये त्याने सोमवारी शेकडो माणसं पांढऱ्याशुभ्र कपड्यांत उतरवली आणि मंगळवारी सव्हाना मैदानाच्या मंचावर त्यांच्यावर रंगाचे फवारे सोडले, गढूळ नदीचं नाटक माणसांच्या अंगावर लिहिलं. त्याच माणसाने पुढे बार्सिलोना आणि अटलांटा ऑलिंपिकच्या उद्घाटनात काम केलं. पण दरसाल मिन्शल मिळत नाही, आणि बिकिनी विकत घेणाऱ्या बाईला वर्षभराच्या नोकरीनंतर दोन दिवस आपल्या अंगावर आपला हक्क वाटत असेल, तर तिला नाक मुरडणारा मी कोण, हेही खरं.

कार्निव्हलच्या आधीच्या शुक्रवारी पहाटे पिकॅडिली ग्रीन्सवर १८८१ची लढाई दरवर्षी पुन्हा खेळतात. काठीवाले, ढोलकरी, जामेट बायका, आणि कॅप्टन बेकर. बेकरचं काम करणाऱ्याला लोक मनसोक्त हुर्यो करतात. प्रयोगाला सरकारी मदत असते, पाहुण्यांत मंत्री असतात, आणि बंदोबस्ताला अर्थातच पोलीस.

त्रिनिदादची माणसं जिथे गेली तिथे हा सण गेला : टोरंटोला १९६७पासून, ब्रुकलिनला मजूरदिनाच्या सोमवारी. लंडनची गोष्ट मात्र वेगळी आहे. तिथे पहिला कॅरिबियन कार्निव्हल झाला तो जानेवारीत, म्हणजे ऐन थंडीत, आणि म्हणून रस्त्यावर नाही तर सेंट पँक्रस टाउन हॉलच्या छताखाली. वर्ष १९५९. आदल्या उन्हाळ्यात नॉटिंग हिलमध्ये काळ्या वस्तीवर गोऱ्या टोळक्यांनी हल्ले केले होते. कार्निव्हल भरवणारी बाई पोर्ट ऑफ स्पेनमध्ये जन्मलेली, कम्युनिस्ट, अमेरिकेने तुरुंगात टाकून हद्दपार केलेली आणि लंडनमध्ये वर्तमानपत्र चालवणारी. क्लॉडिया जोन्स तिचं नाव. पुढच्या आठवड्यात तिच्याकडे जाऊ.